पाणी प्यायची सूट

पिपलानीच्या कारखान्यात गोपीनाथ देशकरांना नावाने हाक मारणारी माणसं थोडीच होती. बाकी सगळ्यांसाठी ते ‘घडीवाले’, म्हणजे घड्याळवाले. नागपूरला डिप्लोमा करून बाविसाव्या वर्षी भोपाळला आले, टाइम स्टडी खात्यात लागले आणि अडतीस वर्षं त्याच खात्यात राहून निवृत्त झाले. काम एकच. डाव्या कोपरात लाकडी पाटी धरायची, पाटीच्या चिमट्यात कागद, वरच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच. मशीनपासून चार हात लांब, जरा तिरकं उभं राहायचं आणि समोरच्या माणसाला एक नग करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एकदा नाही, दहा वेळा. त्यावरून त्या कामाची वेळ ठरायची, आणि ती ठरली की कामगाराला तेवढ्यात ते करून दाखवावं लागायचं.

असा माणूस कुणाला आवडणार? ते शेडमध्ये शिरले की सगळ्यांचे हात जड व्हायचे. “आ गए घडीवाले, अब आराम से, भैया,” असं कुणीतरी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं. गोपीनाथांचे कान लाल व्हायचे, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. स्वभावच लाजरा. राग यायचा, भरपूर यायचा, पण तो आकड्यांत उतरायचा. रागावले की त्यांचं अक्षर फार सुंदर यायचं, असं खात्यातले लोक म्हणत.

एका गोष्टीसाठी मात्र कामगार त्यांना मान देत. मोजलेली वेळ तशीच्या तशी लिहायची नसते, तिच्यावर सूट द्यायची असते. थकव्याची थोडी, उकाड्याची थोडी आणि माणसाच्या गरजेची थोडी, म्हणजे पाणी प्यायला आणि लघवीला जायला लागणारा वेळ. एका मे महिन्यात भट्टीच्या शेडमधली ही सूट कमी करा, असं एका नव्या साहेबांनी सुचवलं. गोपीनाथांनी फक्त कागदावर सही केली नाही. तीन दिवस कागद टेबलावर पडून राहिला, चौथ्या दिवशी साहेबांनीच आकडा पूर्ववत केला. त्या आठवड्यात भट्टीवरच्या एका माणसाने त्यांना न विचारता चहा आणून दिला. त्यांच्या नोकरीतला सत्कार म्हणावा असा तो एकच प्रसंग.

निवृत्तीच्या दिवशी घड्याळ जमा करावं लागलं. लाकडी पाटी घरी आली. पुढे शहराच्या टोकाला, मिसरोदच्या डुप्लेक्समध्ये मुलाकडे राहायला गेल्यावर त्यांच्या बायकोने, सुमनने, ती पाटी स्वयंपाकघरात किराण्याची यादी लावायला घेतली.

गेल्या वर्षी गोपीनाथ बहात्तर वर्षांचे झाले आणि त्यांची नात शमिका पाच वर्षांची. तिच्या शाळेवरून घरात जे झालं, त्याची ही हकीगत.

मुलगा पराग मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सून अश्विनी बँकेत. दोघांनी मिळून शमिकासाठी शाळा निवडली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लालघाटीच्याही पुढे. शाळा नावाजलेली. मोठं मैदान, पोहण्याचा तलाव, शिक्षिकांचं इंग्रजी फर्डं. बसवाल्याने सांगितलं, पैंतालीस मिनट. परागने ते घरी येऊन तसंच सांगितलं.

गोपीनाथांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं की ही पंचेचाळीस मिनिटं कुणी मोजली. परागला हसू आलं. तो म्हणाला की बसवाला रोज जातो, त्याला माहीत असणार. गोपीनाथांनी मग विनिता मॅडमच्या शाळेचा विषय काढला. बाग सेवनियात लहान मुलांची शाळा, स्कूटरने आठ मिनिटं. आपण नेऊ, आपण आणू. शाळा साधी होती, एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर, पण मुलं हसत बाहेर पडताना त्यांनी पाहिली होती.

अश्विनीने ऐकून घेतलं. ती कुणाचा उगाच अपमान करणारी मुलगी नव्हती. पण बैतूलच्या ज्या शाळेत ती शिकली तिथे इंग्रजी नावापुरतं होतं, आणि बँकेच्या मुलाखतीत समोरच्या तीन माणसांपुढे आपली जीभ कशी टाळ्याला चिकटली होती, हे तिला अजून आठवायचं. माझ्या मुलीचं तसं होणार नाही, एवढंच ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

परागने मात्र विषय एका वाक्यात मिटवला. “बाबा, मीही पिपलानीहून लांबच जायचो की. पस्तीस मिनिटं. तुम्हीच सगळ्यांना सांगायचात.”

ते खरं होतं. परागला त्यांनी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत घातलं नव्हतं. ती शाळा क्वार्टरपासून तीन मिनिटांवर होती आणि तिथे कामगारांची मुलं जायची. इंजिनिअरांची मुलं शहरातल्या इंग्रजी शाळेत जायची, बसने. परागही बसने गेला आणि इंजिनिअर झाला. गोपीनाथांचे कान लाल झाले. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला शमिकाची शाळा सुरू झाली. बस सहा वीसला कॉलनीच्या फाटकाशी यायची. मिसरोद सगळ्यांत लांब, म्हणून शमिका बसमध्ये सगळ्यांत आधी चढायची, आणि येताना सगळ्यांत शेवटी उतरायची. सबंध बसमध्ये सगळ्यांत लहान ती, आणि सगळ्यांत जास्त वेळ बसून तीच. पहिल्या दिवशी ती हात हलवत गेली. दुपारी परत आली तेव्हा दीदीने, म्हणजे बसमधल्या बाईने, तिला झोपलेलीच उचलून गोपीनाथांच्या हातात दिली. केस घामाने चिकटलेले, एका गालावर सीटच्या शिवणीचा वण.

गोपीनाथ तिला घेऊन घरी आले, पलंगावर ठेवलं, पंखा वाढवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटीवरची किराण्याची यादी काढली.

सुमनने नुसतं विचारलं, “आता?”

“आता,” ते म्हणाले.

मनगटावरचं घड्याळ आणि कोरे कागद एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. बस फाटकावरून सुटली की वेळ लिहायची. शाळेत पोहोचली की शाळेकडून अश्विनीच्या फोनवर निरोप यायचा, तो ती त्यांना पाठवायची, तिला वाटायचं आजोबांना काळजी वाटते म्हणून. दुपारचंही तसंच. एके दिवशी ते स्कूटरवरून थेट बसच्या मागे गेले. बस आधी मिसरोदच्या आतल्या कॉलन्यांमध्ये फिरली, मग बाग सेवनियात शिरली. अठराव्या मिनिटाला ती विनिता मॅडमच्या शाळेसमोरून गेली. तिथला चौकीदार अंगण झाडत होता. शाळा उघडायला अजून दीड तास होता. गोपीनाथांना इतका संताप आला की त्यांनी स्कूटर कडेला घेतली, पाटी हँडलवर टेकवली आणि ती अठरा मिनिटं फार सुबक अक्षरात लिहिली.

दहा दिवसांची सरासरी निघाली सकाळी एक तास चौतीस मिनिटं आणि दुपारी एक तास बावन्न. दुपारच्या त्या वेळात बाहेर चाळीस अंश, बसच्या खिडक्या अर्ध्या उघडणाऱ्या. शाळा साडेचार तासांची आणि प्रवास जवळजवळ साडेतीन तासांचा.

रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी त्यांनी कागद परागपुढे ठेवला. परागने वाचला, पुन्हा वाचला. आकडे चुकीचे आहेत असं तो म्हणू शकत नव्हता, ते कुणाचे आहेत हे त्याला माहीत होतं. म्हणून तो चिडला. म्हणाला की तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर घड्याळ लावून उभे राहिलात, आता घरातही तेच. “आणि त्या लोकांना घाम आला तर तुम्ही घड्याळ बंद करायचात का, बाबा?”

“सूट द्यायचो,” गोपीनाथ म्हणाले.

“मग शमिकालाही द्या थोडी सूट. सवय होईल तिला. मला नाही झाली? आई, तूच सांग. मी रडलो का कधी?”

सुमन लिंबू कापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “नाही रे. तू कधी रडला नाहीस.”

विषय तिथेच थांबला. कागद दिवसभर डायनिंग टेबलावर पडून होता. संध्याकाळी अश्विनीने तो घडी करून फ्रीजवर ठेवला.

शमिकाची पाण्याची बाटली रोज सकाळी गोपीनाथच भरायचे. परत आल्यावर ती विसळून उपडी घालायचं कामही त्यांचंच. कागदाच्या नादात त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सोमवारी दुपारी बाटली सिंकमध्ये ओतताना त्यांना जाणवलं की आपण रोज ही ओततोच आहोत. बाटली भरून जाते आणि भरूनच येते. डबा रिकामा, बाटली भरलेली. बाहेर चाळीस अंश.

शमिकाजवळ बसून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाणी आवडत नाही का शाळेत.

ती सोफ्यावर पालथी पडून पाय हलवत होती. “पीना नहीं है, आजोबा.”

“का गं?”

“बस थांबत नाही ना सू-सू ला. दीदी बोलती है, पानी पियोगे तो आएगी, नहीं पियोगे तो नहीं आएगी.” मग जरा विचार करून तिने आणखी सांगितलं, “एक दादा को बस में हो गई थी. सब हँसे. मी नाही हसले.”

गोपीनाथांनी उठून फ्रीजवरचा कागद काढला. त्यांच्या सवयीच्या तक्त्यात उजवीकडे सूट लिहायचा रकाना असतो. तो त्यांनी आखला होता आणि कोराच ठेवला होता. लोखंड उचलणाऱ्या धडधाकट माणसाला ते आठ तासांत पाणी प्यायला आणि लघवीला जायला वेगळा वेळ लिहून देत आले होते. त्याच्यासाठी साहेबाच्या कागदावर सही केली नव्हती. आणि स्वतःच्या नातीचा तक्ता करताना हा रकाना भरायचा त्यांना सुचलं नव्हतं. दहा दिवस ते बस मोजत होते, मुलीला मोजत नव्हते.

मंगळवारी सकाळी ते शमिकाला घेऊन फाटकाशी गेले. बस आली. शमिका चढायला निघाली तसा त्यांनी तिचा हात धरून ठेवला आणि दीदीला विचारलं की बच्चोंको पानी पीने से मना करते हो क्या. दीदी मिसरोदचीच, कॉलनीत सगळ्यांना ओळखणारी, स्वभावाने वाईट नव्हती. तिने सरळ सांगितलं, “बाबूजी, छब्बीस बच्चे हैं. एक के लिए रोकूँ तो सब उतरेंगे. ऊपर से बोला है, रास्ते में रोकना नहीं. तो हम बच्चों को समझा देते हैं.”

गोपीनाथ तिच्याशी भांडले नाहीत. ते शमिकाला घेऊन चालत बसच्या पुढे गेले आणि उभे राहिले. नेहमीसारखे, जरा तिरके, चार हात अंतर ठेवून. फक्त या वेळी हातात पाटी नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागे एक कार येऊन थांबली, तिनेही दिला. शेजारच्या ब्लॉकमधले वरुणचे वडील मुलाला दुसऱ्या शाळेत सोडायला आपल्या गाडीने निघाले होते, त्यांनी उतरून गोपीनाथांच्या खांद्यावर हात ठेवून “अंकल, चलिए, लेट हो रहा है” म्हटलं. गोपीनाथांचे कान, मान, चेहरा सगळं लाल झालं होतं. अडतीस वर्षांत त्यांच्यामुळे कुठलं मशीन एक मिनिट बंद पडलं नव्हतं, आणि आता एक बस, दोन गाड्या आणि सगळी कॉलनी त्यांच्याकडे बघत होती. पण ते हलले नाहीत. ऊपर बात करो, एवढंच ते म्हणत राहिले. ड्रायव्हरने शाळेच्या बसप्रमुखाला फोन लावला, तो उचलला गेला नाही.

शेवटी कुणीतरी परागला बोलावून आणलं. तो कामावर निघायच्या कपड्यांत आला, एका हातात गाडीची किल्ली. त्याने वडिलांच्या दंडाला धरलं आणि कडेला घेतलं. बस शमिकाला न घेता निघून गेली.

घरात शिरताच परागचा तोल गेला. आवाज चढला तसा शमिकाला अश्विनीने वर नेलं. कॉलनीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं तो म्हणाला. हे वय आहे का रस्ता अडवायचं, पोरीच्या डोक्यात भीती तुम्हीच घालताय, आम्ही काय दगड आहोत का. आणि मग तेच, की मी गेलो, मला काही झालं नाही.

“झालं,” सुमन म्हणाली.

ती ओट्यापाशी उभी होती. हात पदराला पुसत बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कडू होता.

“पहिलीत होतास तू. आठवड्यातून दोन दिवस तुझी पँट ओली यायची. तू मागच्या दाराने यायचास आणि मोरीत उभा राहायचास. मी ती धुवून चादरीआड वाळत घालायची, हे यायच्या आत. दोन वर्षं. मग तू पाणीच बंद केलंस, म्हणून पँट कोरडी यायला लागली. आजही घराबाहेर पडायचं म्हटलं की तू घोटभर पीत नाहीस. मागच्या वर्षी मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर तुला ओरडला. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते.”

परागने किल्ली टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थिजला होता. त्याला हे सगळं आठवत नव्हतं की आठवत होतं, ते सांगणं कठीण.

गोपीनाथांनी बायकोकडे पाहिलं. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला? तुम्ही बदलली असतीत शाळा?” ती म्हणाली. “तुमची ती पस्तीस मिनिटं तुम्ही येईल-जाईल त्याला ऐकवायचात.”

ती पस्तीस मिनिटं कुठून आली ते गोपीनाथांना त्या क्षणी लख्ख आठवलं. प्रवेशाच्या आधी ते शाळा बघायला गेले होते. स्कूटरवरून, एकटे. रविवार होता, रस्ते मोकळे होते. गेटपाशी पोहोचून घड्याळ पाहिलं, पस्तीस मिनिटं. एक रीडिंग, तेही रविवारचं, तेही बसचं नाही. कारखान्यात कुणी असा कागद आणला असता तर त्यांनी तो न वाचताच परत केला असता. आणि त्या एका आकड्यावर त्यांनी पोराला बारा वर्षं बसमध्ये बसवलं होतं, कारण तो आकडा त्यांना हवा होता. इंजिनिअरांच्या मुलांच्या शेजारी आपला मुलगा बसलेला त्यांना हवा होता.

पराग खिडकीकडे तोंड करून उभा होता. तसाच तो म्हणाला,

“आज उभे राहिलात, बाबा. तेव्हा नाही राहिलात.”

“ती पस्तीस मिनिटं मी रविवारी मोजली होती. स्कूटरवरून, एकदाच,” गोपीनाथ म्हणाले. कान लाल झाले, पण या वेळच्या रागाला बाहेर जायला जागाच नव्हती. तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस त्यांच्याच सदऱ्यात उभा होता.

जिन्यात अश्विनी थांबली होती. तिने किती ऐकलं कोण जाणे, बहुधा सगळंच. खाली येऊन तिने परागकडे पाहिलं. म्हणाली की आठ वर्षं झाली लग्नाला, मी रोज तुझ्या गाडीत बाटली ठेवते आणि रोज भरलेली परत आणते. मला वाटायचं तू विसरतोस. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “बाबा, ती बाग सेवनियाची शाळा. इंग्रजीचं मी घरी बघेन. पण तिथे बाई कशा शिकवतात ते मी स्वतः बसून बघणार. तुमच्या शब्दावर नाही.”

“बघ,” गोपीनाथ म्हणाले. ते त्यांना पटलं.

शनिवारी शमिकाला घेऊन चौघंही विनिता मॅडमच्या शाळेत गेले. पराग मंगळवारपासून वडिलांशी एक शब्दही बोलला नव्हता. अश्विनी तासभर वर्गात मागच्या बाकावर बसून आली. तिचं पूर्ण समाधान झालं होतं असं नाही. बाहेर येऊन तिने मॅडमना एवढंच विचारलं की मुलांना बाथरूमला जायला हात वर करून परवानगी घ्यावी लागते का. मॅडम म्हणाल्या, इतने छोटे बच्चे हैं, दरवाज़ा खुला रहता है, चले जाते हैं.

फॉर्म भरायला गोपीनाथांकडे दिला, अक्षर चांगलं म्हणून. नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून झाला. शेवटून दुसरा रकाना होता, घर से विद्यालय पहुँचने का समय. त्यांचं पेन तिथे थांबलं.

अश्विनी म्हणाली, “दहा मिनिटं लिहा ना, बाबा.”

त्यांनी लिहिलं नाही. हा रकाना दहा दिवसांनी भरून देतो, चालेल का, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमना काही कळेना. त्या हसून हो म्हणाल्या.

पराग दारापाशी उभा होता. शमिकाची बाटली त्याच्या हातात होती, तिचं झाकण तो उघडत होता आणि लावत होता. वडिलांकडे न बघता तो म्हणाला, “सकाळचंच मोजा. रविवारचं नको.”

चार दिवसांतलं त्याचं ते पहिलं वाक्य. गोपीनाथांनी मान हलवली, पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म तसाच, एक रकाना कोरा ठेवून, पुढे सरकवला.